प्रवेशअर्जातला माणूस

कोल्हापूर
गुरुवार, रात्री

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या वृद्धाश्रमाचे विश्वस्त म्हणतात, 'हातीपायी धड असेल त्यालाच ठेवा, बाकीच्यांना घरी पाठवा.' तुला ते पटत नाही. पण सहाजण अंथरुणाला खिळलेले आणि रात्रीला सांभाळणाऱ्या मावशी दोनच, हेही खोटं नाही. विश्वस्तांवर चिडू नको. आपली घरं उभी राहिली तेव्हा डोळ्यांपुढं होते ते रंकाळ्याला चक्कर मारून, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन परतणारे आजोबा. त्यांना वेळेवर जेवण आणि गप्पा मारायला माणूस मिळाला की झालं. तेच आजोबा आज गुंडीही लावू शकत नाहीत, आणि आपण अजून त्यांच्या प्रवेशअर्जावरच घर चालवतोय.

म्हणून उद्या पहिल्यांदा ते अर्ज कपाटातून काढ आणि वरच्या तारखा बघ. दर तीन महिन्यांनी नवा कागद लिहायचा. कुणी पडलं किंवा दवाखान्यातून परत आलं, तर त्याच दिवशी. आजारांची नावं डॉक्टर लिहितील. तू लिहायचंस ते असं: खुर्चीतून उठवायला एक माणूस लागतो की दोन? पाणी पिताना ठसका लागतो का? रात्री जाग कितीला येते? एवढं लिहिलंस की कळेल, दोन माणसं लागणारे पाचजण एकाच वेळी, सकाळी सहा ते आठ, उठवायचे असतात. दुपारी मात्र तीन मावशी व्हरांड्यात लसूण सोलत बसतात. विश्वस्तांकडं आणखी माणसं मागण्याआधी पाळ्यांच्या वेळा हलव. आणि सगळ्यांची आंघोळ सकाळीच व्हायला हवी, हे कुणी ठरवलं?

आमच्याकडं एक तात्या होते, करवीर तालुक्यातले. जन्म गुऱ्हाळावर गेलेला, नावाजलेले गुळव्या, काहिलीत उसाचा रस उकळून गूळ करणारे. स्मृतिभ्रंश झाल्यावर रात्री तीनला उठून स्वयंपाकघराकडं जायचे. गॅसची भीती म्हणून आम्ही दाराला कडी घातली. त्यांनी दार बडवलं, अडवायला गेलेल्या मावशीच्या तोंडात मारली. मग मीच डॉक्टरांच्या मागं लागून झोपेची गोळी सुरू करवली. चौथ्या दिवशी तात्या गोळीच्या गुंगीत संडासाच्या वाटेवर पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ते माझ्यामुळं झालं, हे मी आजही कुणापासून लपवत नाही. ऑपरेशन होऊन ते परत आले तेव्हा त्यांच्या सुनेनं सहज सांगितलं, 'हंगामात ते याच वेळेला काहिलीपुढं उभे असायचे.' तीस वर्षं बिचारा तीनला उठून पाक बघत होता! मग रात्रपाळीच्या मावशीला सांगितलं, तीनला त्यांना वॉकर देऊन बाकावर बसव, कपभर चहा दे. 'मळी काढली का?' म्हणाले की 'काढली तात्या, आता काहिल उतरवायची का?' असं त्यांनाच विचार. ते थोडा वेळ विचार करायचे, 'थांब अजून' म्हणायचे, आणि अर्ध्या तासात झोपायला जायचे. डॉक्टरांना विचारून गोळी बंद केली.

पण सगळंच असं जुन्या आयुष्यातून येत नाही, हेही ध्यानात ठेव. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. काल बरी असलेली आजी आज एकदम बरळायला लागली किंवा मुकाट पडून राहिली, तर 'वय झालं' म्हणायचं नाही. लघवीत जंतू झालेत का, शौच तुंबलंय का, पाणी कमी गेलंय का, नवी गोळी सुरू झालीय का हे बघायचं. मधुमेह असेल तर आधी बोटातून साखर तपासायची. जेवण निम्म्यावर आलेलं असतं आणि इन्सुलिन मात्र जुन्याच मापानं चालू असतं. माप डॉक्टरच बदलतील, पण ताट परत आलं हे त्यांना तूच सांगायला हवंस.

अंथरुणातल्यांना साधारण दोन तासांनी कुशीवर वळवतात, ते तुझ्या मावशांना ठाऊक आहेच. कातडी लालसर दिसते का बघा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली कुठली दिसायला! तेव्हा माकडहाडावर आणि टाचांवर हात फिरवून बघायला शिकव. आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा पिचपिचीत लागलं तर समजायचं, जखम आतून सुरू झाली.

पक्षाघात झालेल्यांना आणि कंपवाताच्या माणसांना पातळ पदार्थच जास्त ठसकतात. पांढरा रस्सा मागतील, आणि नाही म्हणणं कोल्हापुरात पाप! स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासून घे आणि त्या सांगतील तेवढा दाट करून, ताठ बसवून, चमच्याचमच्यानं दे. कंपवाताची गोळी मात्र घड्याळाच्या ठोक्याला. आठची नऊला दिलीस तर आजोबांचं अंगच हलत नाही, आणि आपण त्यांना हट्टी ठरवतो.

तुझं घर नदीकडच्या बाजूला आहे. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट, धोक्याची 43. चालत्या माणसांना 43 पर्यंत थांबता येईल, खाटेवरच्यांना नाही. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात महामार्गसुद्धा बंद पडला होता. प्रत्येकाच्या नावाची पिशवी जूनमध्येच भर: आठवड्याची औषधं, डायपर, तो तीन महिन्यांचा कागद. निघताना फ्रिजमधून इन्सुलिन घ्यायचं, तेवढं पिशवीवर मोठ्या अक्षरात लिही.

आता विश्वस्तांना काय सांगायचं ते. सगळे ठेवू, असं म्हणू नको. श्वासाच्या मशीनवरचा किंवा घडोघडी डॉक्टर लागणारा माणूस तुझ्याकडं राहू शकत नाही, हे प्रवेशाच्या वेळीच नातेवाइकांना स्पष्ट सांग आणि लिहून दे. पण शेवट जवळ आलाय, दवाखान्याचा उपयोग नाही, आणि आजीला आपल्याच खाटेवर राहायचंय, तर ते तिला बोलता येतंय तोवर विचारून ठेव. आधीच लिहून ठेवलेल्या अशा इच्छेला सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मुलं हा विषय टाळतात. म्हातारी माणसं टाळत नाहीत, त्यांना फक्त कुणी विचारत नाही.

त्या सहाजणांचे कागद रविवारपर्यंत लिहून ठेव, मी येतेच आहे. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींच्या काठीचं रबर झिजलेलं मागच्या खेपेला पाहिलं होतं. बदललं नसशील तर मी घेऊन येते.

तुझी
मावशी