हरकत असेल तर लिहून मागावी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या एकांकिकेची संहिता आणि सोबतचे पत्र मिळाले. संहिता मी दोनदा वाचली. मठाच्या देणग्यांचा हिशेब देवीसमोर वाचून दाखवला जातो, तो प्रवेश फार चांगला उतरला आहे, आणि नेमका तोच प्रवेश स्पर्धेला पाठवण्याआधी गाळावा का, असे तू विचारतेस. तो गाळायला तुला कोणी सांगितले, हे मी पत्रात शोधत राहिलो. आयोजकांनी काही म्हटलेले नाही आणि प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे ती अजून गेलेलीही नाही. ‘लोकांना काय वाटेल’ एवढेच कारण तू लिहिले आहेस. म्हणूनच या उत्तराला थोडी जागा लागणार आहे.

देवाधर्मावर हसणे ही बाहेरून आलेली रीत आहे, असे तुला कोणी सांगितले तर ते मान्य करू नकोस. नाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला रोडगा कबूल करते आणि त्या बदल्यात सासरा, सासू, नणंद अशी एकेकाची वाट लावायला सांगते. कीर्तनकार पदर घेऊन ते रंगवतो तेव्हा समोर बसलेली माळकरी माणसेच सर्वांत मोठ्याने हसतात. नवसाच्या व्यवहारावरची इतकी उघड टीका देवळाच्या मंडपात शेकडो वर्षे चालत आली आहे. तमाशातल्या गौळणीत मावशी आणि पेंद्या प्रत्यक्ष कृष्णाशी वाद घालतात, आणि त्याच तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने होते. एकाच रात्री, एकाच बोर्डावर हे दोन्ही घडते आणि कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही.

मात्र ज्याच्या पोटावर थेट पाय येतो, त्याला ती विसंगती लगेच दिसते. यासाठी जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ नीट वाच. ते १८५५ सालचे आहे. कुणब्याची बायको गरोदर आहे, जोशी घरी येतो आणि पोटातल्या मुलाला ग्रहांची पीडा असल्याचे सांगून त्या गरीब घरातून दानधर्माच्या नावाने काढता येईल तेवढे काढतो. मध्येमध्ये विदूषक येऊन हे कसे चालले आहे ते प्रेक्षकांना उकलून दाखवतो. जोतीरावांनी हे नाटक मराठी पुस्तकांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले आणि कमिटीने ते नाकारले. त्यावर बंदी आली नाही, ते जप्तही झाले नाही, फक्त स्वीकारले गेले नाही, आणि तेवढ्यानेच ते छापून यायला शंभराहून अधिक वर्षे गेली. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण त्या काळातल्या पौराणिक नाटकांची नावे भराभर घेतो आणि हे नाटक नंतर आठवून जोडतो, याचे मला अजूनही दुःख होते. नकार हे सेन्सॉरचे सर्वांत जुने आणि सर्वांत शांत हत्यार आहे, हे त्यावरून मी शिकलो.

त्या नाटकात आणखी एक गोष्ट आहे, तिच्यामुळेच तुझ्या संहितेतल्या एका जागेवर माझा आक्षेप आहे. जोतीराव त्या बाईला कधीही हसत नाहीत. तिची भीती खरी आहे, कारण पहिलटकरणीला मुलाची काळजी असतेच. हसू येते ते त्या काळजीचा भाव ठरवणाऱ्याचे. तुझ्या दुसऱ्या प्रवेशात नातवाच्या आजारपणासाठी नवस बोलायला आलेली म्हातारी मात्र केवळ वेंधळी म्हणून उभी राहते, आणि तिच्या बोलण्याच्या ढंगावर दोन हशे काढले आहेत. ते काढून टाक. कोणाच्या भावना दुखावतील म्हणून नव्हे. तो हशा चुकीच्या माणसावर आहे आणि त्यामुळे मठाधिपती सुटतो म्हणून. संहितेत काय ठेवायचे हे ठरवण्याची मला माहीत असलेली एकमेव पद्धत ही आहे, आणि हिशेबाचा प्रवेश या कसोटीवर उत्तम टिकतो.

आता कायद्याविषयी. ज्याला सगळे ‘२९५ अ’ म्हणतात ते कलम १९२७ मध्ये, लाहोरच्या एका पुस्तिकेवरून उसळलेल्या वादानंतर, दंडविधानात आले. आता ते भारतीय न्याय संहितेत २९९ व्या क्रमांकावर आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. लोक कलमाचा आकडा उच्चारून घाबरवतात, मजकूर वाचत नाहीत. धार्मिक भावनांचा अवमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असला पाहिजे, असे त्यात स्पष्ट आहे. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले खरे, पण अनवधानाने किंवा निष्काळजीपणे, तशा हेतूविना झालेला अवमान त्यात येत नाही, असेही त्याच निकालात सांगितले. पुढे एका चित्रपटावरून झालेल्या १९८९ च्या रंगराजन प्रकरणात, निदर्शने होतील किंवा हिंसेची धमकी आहे एवढ्या कारणावरून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, तिला संरक्षण देणे हे शासनाचे काम आहे, असे न्यायालयाने बजावले. हे दोन्ही निकाल मुळातून वाच.

पण केवळ निकालांवर विसंबून राहा, असे मी सांगणार नाही. मुनव्वर फारुकी या विनोदकाराला १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये कार्यक्रमाच्या वेळीच अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन देईपर्यंत त्याला महिन्याहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. कायदा शेवटी काय म्हणेल याच्या कितीतरी आधी माणसाला किंमत मोजावी लागते. ती मोजायची की नाही, हे दुसऱ्याच्या वतीने कोणीही ठरवू नये. तुझ्या संचात कॉलेजची पाच मुले आहेत. त्यांच्यापुढे हे सगळे मांड आणि त्यांना मोकळेपणाने बोलू दे.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, ती मी फारशी कोणाला सांगितलेली नाही. ऐन उमेदीत एका गावच्या जत्रेत आमचे लोकनाट्य ठरले होते. प्रयोगाच्या दुपारी एक गृहस्थ आले, चहा घेतला आणि ‘पुजाऱ्याचे ते सोंग तेवढे नको, वरून सांगितले आहे’ असे म्हणून निघून गेले. वरून म्हणजे कोणी, हे मी विचारले नाही. आम्ही ते सोंग काढले आणि रात्री प्रयोग केला. ते काम करणारा नट, वयाने माझ्याहून मोठा, अंगावर सोंगाचे कपडे तसेच ठेवून विंगेत बसून राहिला. काही महिन्यांनी कळले की गावातल्या कोणाचीही हरकत नव्हती. त्या गृहस्थांनाच तसे वाटले होते. कागद नव्हता, म्हणून दाद मागायला जागा नव्हती, आणि कात्री तर मी स्वतःच चालवली होती.

कागदाने काय होते, ते विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ या नाटकाने १९७२ मध्ये दाखवले. आरडाओरड नीतिमत्तेच्या नावाने झाली, पण आपल्या मुसलमान मित्राने गणपतीची आरती म्हणण्याला त्याच्या घरात राहणारी लक्ष्मी विरोध करते म्हणून सखाराम तिला मारतो, हा प्रवेशही त्याच नाटकातला आहे. मंडळाने अडवले तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. ते जाऊ शकले, कारण आव्हान देता येईल असा सरकारी निर्णय समोर होता. याच्या उलट ‘अन्नपूर्णी’ या तमिळ चित्रपटाचे झाले. त्याला सेन्सॉरचे प्रमाणपत्र होते आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो चित्रपटगृहांत लागलाही होता. नेटफ्लिक्सवर आल्यावर रामाविषयीच्या एका संवादावरून मुंबईत पोलिसांकडे तक्रार झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये तो तिथून काढून घेण्यात आला. न्यायालयाचा आदेश नव्हता, मग अपील कोणत्या आदेशाविरुद्ध करायचे? तुझ्या पिढीसमोरची अडचण मला इथे दिसते. पूर्वनियंत्रणाला माझा विरोध कायम आहे. तरीही सही-शिक्क्याच्या मंडळाशी भांडता येते, फोनवरच्या आवाजाशी येत नाही.

म्हणून संहिता पूर्ण पाठव, हिशेबाच्या प्रवेशासह. मंडळाला दिलेल्या प्रतीची पोच घे आणि प्रत्येक पानाची नक्कल जवळ ठेव. कोणी काही गाळायला सांगितले, तर नम्रपणे विचार, ‘आपण कोणत्या अधिकारात सांगता, आणि कोणते वाक्य, कोणत्या नियमाखाली, हे लिहून द्याल का?’ पुष्कळ हरकती या प्रश्नाशी येऊन थांबतात. जी लेखी येईल ती माझ्याकडे पाठव. आपण दोघे मिळून वकिलांकडे जाऊ.

म्हातारीचा प्रवेश नव्याने लिहून झाला की तेवढी चार पाने आधी पाठव. तिला नातवाचे नाव घेऊन बोलू दे.