चार लाख साठ हजारांचं ‘हिरवं घर’ पॅकेज घ्यावं का?

प्रश्न, थोडक्यात: नाशिकला स्वतःचं रो हाऊस आहे. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई, त्यांना दमा आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ८२,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता २१,५०० आणि घरखर्च ४८,०००. ४ लाखांची एफडी आहे, बाकी शिल्लक फारशी नाही. एका विक्रेत्याने ४,६०,००० रुपयांचं पॅकेज दिलंय: ५ किलोवॅट सोलर (२,९०,०००), आरओ (२२,०००), तीन एअर प्युरिफायर (४८,०००), इंडक्शन आणि भांडी (१४,०००), खत करणारं विजेचं यंत्र (३२,०००), जंतुरोधक रंग (५४,०००). एफडी मोडून घ्यावं, की त्याच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर?

नमस्कार ताई,

दोन्ही करू नका. यातल्या काही गोष्टी मात्र नक्की घ्या, त्याही लवकर. पण वेगवेगळ्या, आणि आधी काय, नंतर काय हे ठरवून.

आधी एफडी. हप्ता आणि घरखर्च धरून तुम्हाला महिन्याला ६९,५०० रुपये लागतात. सहा महिन्यांची तरतूद धरली तर ४ लाख १७ हजार होतात. म्हणजे तुमची एफडी ही शिल्लक रक्कम नाहीच, ती अडीअडचणीची पुंजी आहे आणि तीही जेमतेम. घरात दम्याचा रुग्ण असताना ती हलवू नये. ‘नो कॉस्ट’मध्येही व्याज असतंच. ते किमतीत मिसळलेलं असतं, रोखीने मिळाली असती ती सूट जाते आणि वर प्रक्रिया शुल्क लागतं.

आता यादीत नसलेली गोष्ट. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की सासूबाईंच्या खोलीवरची गच्ची पावसाळ्यात पाझरते आणि कोपऱ्यात काळे डाग पडलेत. तुमचा पहिला खर्च हाच. ते काळे डाग बहुधा बुरशीचे आहेत आणि बुरशीचे बीजकण दमा चाळवतात. त्यावर ५४ हजारांचा कुठलाही रंग मारला तरी मागून ओल येत राहील आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरतील. सोलरच्या दृष्टीनेही क्रम हाच हवा. गळक्या गच्चीवर पॅनेल उभी केली आणि पुढच्या वर्षी वॉटरप्रूफिंगचं काम काढलं, तर सगळा सांगाडा उतरवून परत चढवायचा खर्च माथी बसतो. तुम्हाला मिळालेलं ३८,००० रुपयांचं कोटेशन गच्चीच्या मापाने ठीक वाटतं. काम झाल्यावर पाणी बाहेर जाणारे पाइप बुजवून गच्चीत दीड-दोन इंच पाणी ४८ तास तुंबवून पाहा, खाली ओल येत नाही हे बघूनच शेवटचे पैसे द्या. भिंत पूर्ण वाळायला दोन-तीन महिने जातात. तोवर रंगाला हात लावू नका, नंतर साधा रंगही चालेल.

सोलर बसवणाऱ्यालाही बजावा की नव्या थरातून ड्रिल मारायचं नाही. सांगाड्याचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करता येतात.

आता पंखे. तुमच्या बारा महिन्यांच्या बिलांची बेरीज ३,३६० युनिट आणि ३९,००० रुपये आहे. बिल नीट पाहिलंत तर पहिली १०० युनिटं सगळे आकार धरून साधारण ७ रुपयांना पडतात आणि त्यापुढची २०० युनिटं १३ च्या आसपास. एप्रिल-मेमध्ये एसीमुळे ३०० च्या वर गेलात की त्याहून महाग. हे लक्षात ठेवा, कारण वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास चालणारे तीन पंखे बदलले आणि थंडीचे महिने वजा केले, तर वर्षाला सुमारे ४५० युनिट वाचतात. म्हणजे साडेपाच हजारांच्या वर. तीन पंख्यांचे लागतात ९,६००. दोन वर्षांच्या आत पैसे वसूल. विक्रेत्याच्या यादीत पंखे नाहीत, कारण पंखे बदलले की सोलर लहान लागतो.

सोलर किती मोठा, हा या पत्रातला खरा प्रश्न. नाशिकच्या उन्हात १ किलोवॅट पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिट देतात. पंखे बदलल्यावर तुमचा वापर २,९०० वर येतो, आणि २ किलोवॅटमधून २,८०० मिळतात. म्हणजे २ किलोवॅटमध्ये काम जवळजवळ भागतं. ५ किलोवॅट ७,००० युनिट देईल. त्यातली निम्म्याहून जास्त युनिटं तुम्ही महावितरणला द्याल. नेट मीटरमध्ये, म्हणजे घेतलेली आणि दिलेली दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमध्ये, जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात, पण मार्चअखेर जी उरतात त्यांना मिळणारा दर तुम्ही मोजता त्या दरापेक्षा फारच कमी असतो. त्यातून कमाई होईल हे गणित घरगुती ग्राहकाने धरू नये.

अनुदानही लहान सोलरच्या बाजूचं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० मिळतात, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे काही नाही. तुम्हीच मागवलेल्या दुसऱ्या कोटेशनप्रमाणे २ किलोवॅटला १,३०,००० लागतात. ६०,००० अनुदान वजा जाता ७०,०००. ५ किलोवॅटला ७८,००० वजा जाता २,१२,०००. वरच्या तीन किलोवॅटसाठी तुम्ही १ लाख ४२ हजार जास्त मोजणार आणि त्यातून बिल जवळपास काहीच कमी होणार नाही, कारण ते आधीच २ किलोवॅटने संपलेलं असेल. २ किलोवॅटने वर्षाला २८ ते ३० हजार वाचतील. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, ‘शून्य बिल’ ही जाहिरात आहे. अडीच-तीन वर्षांत पैसे निघतात आणि पॅनेलवर सहसा २५ वर्षांची कामगिरीची हमी असते. पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर मात्र त्याआधी एकदा बदलावा लागेल हे धरून चाला. दोन वर्षांत विजेवरची स्कूटर नक्की घेणार असाल तरच ३ किलोवॅटचा विचार करा.

पैसे कुठून आणायचे? या योजनेसाठी सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांचं विनातारण कर्ज देतात. त्याचा दर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेला असतो आणि वैयक्तिक कर्जाच्या मानाने खूप स्वस्त पडतो. दहा टक्के, म्हणजे १३,००० तुम्ही घाला. अनुदान तुमच्या खात्यात आलं की ते लगेच कर्जात भरा. उरलेल्या ५७,००० चा तीन वर्षांचा हप्ता पावणेदोन हजारांच्या आसपास बसेल आणि बिलात महिन्याला त्याहून जास्त वाचेल. एफडी जिथल्या तिथे राहील.

कोटेशनवर चार गोष्टी तपासा. पॅनेल भारतात बनलेल्या सेलची, म्हणजे ‘डीसीआर’ आहेत असं लेखी हवं, नाहीतर अनुदान अडतं. विक्रेता योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला हवा. तुमच्या कोटेशनमध्ये पॅनेलवर १२ टक्के जीएसटी धरलाय, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. आणि अर्थिंग वेगवेगळं हवं: पॅनेलच्या बाजूचं, घराच्या विजेच्या बाजूचं आणि कोसळणारी वीज जमिनीत सोडणाऱ्या वीजरोधकाचं. तीन खड्ड्यांचे पैसे वाचवायला एकाच खड्ड्यात सगळ्या तारा सोडल्या जातात आणि मग पहिल्या मोठ्या गडगडाटात इन्व्हर्टर जातो. शेवटचे दहा टक्के नेट मीटर बसेपर्यंत देऊ नका. शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली सकाळी नऊ ते दुपारी चार कुठवर येते, ते आधी खडूने आखून पाहा. एकाच साखळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली पडली तरी बाकीच्यांचं उत्पादन घटू शकतं. नंतर दर पंधरवड्याला सकाळी थंड असताना पॅनेल धुवा. बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरू नका, पांढरे थर बसतात.

इंडक्शनने गॅसचा खर्च वाचतो, हे विक्रेत्याचं गणित मात्र चुकतंय. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. शेगडीची कार्यक्षमता साठ-पासष्ट टक्के आणि इंडक्शनची पंच्याऐंशीच्या आसपास धरली, तर एका सिलिंडरचं काम करायला १३० युनिट लागतात. वरच्या टप्प्यातल्या विजेने ते सतराशे रुपये होतात, म्हणजे सिलिंडरच्या जवळजवळ दुप्पट. सोलर बसल्यावर इंडक्शनची वाढीव युनिटं खालच्या, ७ रुपयांच्या टप्प्यात पडतील. तेव्हा कुठे दोन्ही बरोबरीत येतील. म्हणून इंडक्शन पैशासाठी घेऊ नका, सासूबाईंसाठी घ्या. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला त्रास देतो. चहा, दूध, कुकर, भाजी एवढं इंडक्शनवर न्या, भाकरी आणि फुलके गॅसवरच राहू द्या. साधारण ५,००० पुरतील, लोखंडी तवा-कढई आहेतच. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ त्यावर चालत नाही. प्लग मात्र १६ अँपिअरचा आणि स्वतंत्र वायरवर हवा, मिक्सरच्या प्लगला जोडलात तर तो वितळू शकतो. फोडणीचा धूर इंडक्शनवरही होतोच, त्यामुळे २,५०० चा एक्झॉस्ट पंखा खिडकीत बसवणं इंडक्शनपेक्षाही आधीचं काम आहे.

एअर प्युरिफायर तीन नकोत. एकच, सासूबाईंच्या खोलीत, हेपा (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा. १२० चौरस फुटांच्या खोलीत साडेनऊ फूट उंचीला ३२ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर यंत्राची क्षमता, म्हणजे सीएडीआर, तासाला १६० घनमीटर किंवा जास्त हवी. ८-९ हजारांत मिळतो. दार बंद ठेवलं तरच उपयोग, आणि फिल्टरचा वार्षिक खर्चही धरा. गळती थांबल्याशिवाय तो आणू नका. मधल्या काळात डासांची कॉइल आणि उदबत्ती आजच बंद करा, खिडक्यांना जाळी लावा.

आरओ घेण्याआधी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या अशा क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि धरणातून येणारं पालिकेचं पाणी बहुधा त्याच्या खूप खाली असतं. तसं असेल तर ९,००० चं यूव्ही-यूएफ, म्हणजे अतिनील किरण आणि बारीक गाळणीचं यंत्र पुरेल. आरओ एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर ओतून देतो.

खताचं यंत्र सरळ सोडा. अशी बरीच यंत्रं कचरा तापवून वाळवतात, तो खत होत नाही, आणि वर वीज जाते. तळाला भोकं असलेले दोन डबे आणि कोकोपीट मिळून दोन हजारांत होतं. वास आला तर पाणी जास्त झालंय, सुका पालापाचोळा वाढवा.

सोलर सोडून बाकीची बेरीज ७५,००० च्या आसपास होते. महिन्याला तुमचे साडेबारा हजार उरतात, म्हणजे सहा महिन्यांत सगळं बसतं. गच्ची पावसाळ्याआधी, पंखे आणि एक्झॉस्ट लगेच त्यापाठोपाठ, बाकी हळूहळू.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. वीजबिल अजून सासऱ्यांच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि ते हयात नाहीत. सूर्यघर योजनेचा अर्ज, वीजबिल आणि अनुदानाचं बँक खातं एकाच नावाचं लागतं. मृत्यूचा दाखला, घराची कागदपत्रं आणि बाकी वारसांची संमती जोडून महावितरणकडे नावबदलाचा अर्ज आधी टाका. तो मंजूर होईपर्यंत कोणालाही टोकन देऊ नका. आणि त्या पॅकेजवाल्या विक्रेत्याला टोकनचे ११,००० दिले असतील, तर लेखी रद्द करून परत मागा.