डिमेन्शियाच्या निवेदनात सरकारकडे नेमकं काय मागावं

तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला जिल्हाधिकाऱ्यांकडे डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजाराची, जनजागृती आणि लवकर निदान यासाठी निधी मागायचा आहे. मसुद्यात तुम्ही तालुक्यातालुक्यात तपासणी शिबिरं, एसटी स्थानकांवर फलक आणि २१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाला फेरी, असं लिहिलंय. मी आरोग्य खात्यात तालुका पातळीवर बरीच वर्षं काम केलं आणि घरी सासूबाईंचं हे आजारपण शेवटपर्यंत काढलं. म्हणून स्पष्ट सांगते, या गोष्टी निवेदनाच्या शेवटी टाका. त्याआधी मागण्यासारखं बरंच आहे.

मुळात विसरण्याबद्दल विचारायची सोय सरकारने आधीच केलेली आहे. आशाताई घरोघरी जाऊन सीबॅकचा, म्हणजे आजारांच्या प्राथमिक चाळणीचा, फॉर्म भरतात. त्यात साठीपुढच्या माणसांसाठी वेगळे प्रश्न आहेत आणि त्यातला एक असा: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? उत्तर ‘हो’ आलं की माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं. तिथे बीपी आणि साखर तपासली जाते, ‘वय झालं, चालायचंच’ म्हणतात आणि आजी घरी परत येतात. निधी हवा तो या ‘हो’च्या पुढच्या वाटेसाठी.

दुसरं, घरचा पत्ता विसरेपर्यंत थांबलो तर ते लवकर निदान राहतच नाही. सुरुवात दिसते ती वेगळ्याच गोष्टींत. सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकतो, बीपीची गोळी दोनदा घेतली जाते, आयुष्यभर केलेल्या पुरणाचा क्रम चुकतो, बाजारातून येताना नेहमीचं वळण सुटतं. हे पेशंट सांगत नाही, सून किंवा मुलगी सांगते. तेव्हा घरच्यांना काय विचारायचं याचं प्रशिक्षण आशाताईंना मिळावं आणि त्या जादा कामाचा मोबदलाही मिळावा, ही पहिली मागणी करा.

शिबिरांना माझा विरोध का, तेही सांगते. कुठलंच लक्षण नसलेल्या वृद्धांची सरसकट चाळणी केल्याने फायदा होतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२० मध्ये नोंदवलं आहे. मांडवात दहा मिनिटांत प्रश्न विचारून एखाद्याच्या कपाळी ‘डिमेन्शिया’ लिहायचं आणि पुढे दवाखानाच नाही, हे मला क्रूर वाटतं.

निवेदनाचा पहिला परिच्छेद आकड्यांनी सुरू करा. २०२३ मध्ये आलेल्या लासी-डॅड या देशभरातल्या डिमेन्शियाच्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, डिमेन्शिया आहे. ग्रामीण भागात प्रमाण ८.४ टक्के, शहरात ५.३. बायकांमध्ये ९, पुरुषांमध्ये ५.८. म्हणजे सर्वांत जास्त झळ खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईला आणि मेंदूविकारतज्ज्ञ मात्र पुण्या-मुंबईत.

याच बाईला शाळेचं तोंड पाहायला मिळालेलं नसतं. स्मृतीच्या नेहमीच्या चाचणीत तिला शंभरातून सात-सात वजा करायला किंवा एक वाक्य लिहायला सांगणं हा अन्याय आहे. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच तयार केला, तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. त्यात मराठी नाही. निरक्षर माणसालाही लागू पडेल अशी प्रमाणित मराठी चाचणी सरकारी दवाखान्यांना मिळावी, हे ठळक अक्षरात लिहा.

त्याला जोडून बी-१२ आणि थायरॉईडची रक्ततपासणी मागा. बी-१२ची कमतरता, मंदावलेलं थायरॉईड, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात साचलेलं रक्त, झोपेच्या गोळ्या, या सगळ्यांत माणूस डिमेन्शियासारखाच वागतो आणि उपचारांनी पुष्कळ सुधारू शकतो. कुणाची तरी आई निव्वळ इंजेक्शनांवर सावरली असती आणि ती ‘म्हातारचळ’ म्हणून कोपऱ्यात पडून राहिली, याहून वाईट काय?

पैसे कुठून, असं विचारतीलच. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड आणि ओपीडी त्यातच येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक यांची तरतूद आहे. या दोन कार्यक्रमांनी मिळून आठवड्यातला एक ठरलेला वार स्मृती-तपासणीला द्यावा, एवढंच मागायचं. निवेदनाची प्रत जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांनाही द्या, आणि तीही जिल्ह्याचा पीआयपी, म्हणजे आरोग्याच्या कामांचा आणि खर्चाचा आराखडा, तयार होण्याआधी. आराखडा मंजूर झाल्यावर पोचलेली मागणी फाईलमध्येच राहते. ‘हे कुठे झालंय का’ म्हणाले तर केरळचं नाव घ्या. तिथे २०१४ पासून राज्य सरकारचा डिमेन्शिया उपक्रम आहे.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. आयुष्मान भारतच्या वय वंदना कार्डावर सत्तरीपुढच्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. डिमेन्शियाचा बहुतेक काळ घरातच जातो. आणि घरी सांभाळणाऱ्यांना मदत करण्याचं उत्तम काम आपल्या शेजारी गोव्यात झालंय. तिथे दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी जात, आजार समजावून सांगत, रात्रीच्या येरझारा आणि संशय कसा हाताळायचा ते शिकवत. गरज पडेल तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी असत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. मोठी यंत्रं नाहीत, महागडी औषधं नाहीत. सासूबाईंच्या वेळी महिन्यातून एकदा जरी असं कुणी आलं असतं, तर आमच्या घरातले सगळेच वेगळ्या तऱ्हेने जगले असते. प्रत्येक तालुक्याला अशी एक गृहभेट कार्यकर्ती मागा, मानधनासकट.

निधी येईपर्यंत संघाला करता येण्यासारखं एक काम आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ पुढच्या पात्र सभासदांना एकदाच ३,००० रुपये मिळतात, त्यातून चष्मा किंवा श्रवणयंत्राला हातभार लागतो. ऐकू न येणं आणि दृष्टिदोषावर उपचार न होणं, हे दोन्ही लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टींत धरले आहेत. म्हणून वयोश्रीचे अर्ज संघाने बसून भरून द्यावेत. आणि घरात रात्री-अपरात्री कुणी अगदी थकून गेलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सभासदांच्या यादीच्या मागे छापून घ्या. तिथे मराठीत बोलता येतं.

मसुदा बदललात की इथेच टाका. मी ओळ न् ओळ वाचून सांगते.