भोरकडच्या साडेतीन एकरासाठी एटीव्ही घ्यावी की मिनी ट्रॅक्टर?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नोकरी पुण्यात, जमीन भोर तालुक्यात साडेतीन एकर. त्यातली दीड एकर भाताची खाचरं, बाकी उतारावर आंबा-काजूची तीन वर्षांची झाडं. शनिवार-रविवारी स्वतः राबायची हौस आहे, पाच लाख बाजूला काढलेत. परदेशातले शेतकरी एटीव्हीला, म्हणजे चार रुंद टायरांच्या, मोटारसायकलसारख्या हँडलवर चालणाऱ्या गाडीला, नांगर, फवारा, ट्रॉली सगळं जोडून फिरतात ते व्हिडिओत पाहिलंत आणि वाटलं, ट्रॅक्टरपेक्षा हेच बरं.

एटीव्ही नका घेऊ. आणि ट्रॅक्टरही या वर्षी नका घेऊ. आता का ते सांगतो.

माझी जमीन मुळशीत, चार एकर, अशीच अर्धी खाचरं अर्धा उतार. एटीव्हीचा अनुभव माझा नाही, मेव्हण्याचा आहे. त्याने किनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या मारून आणणाऱ्या एकाकडून जुनी गाडी स्वस्तात उचलली. मे महिन्यात वळवाचा एक पाऊस पडून गेल्यावर मागे तीन फणांचा छोटा कल्टिव्हेटर बांधला आणि आम्ही सगळे बघायला उभे राहिलो. फण जमिनीत चार बोटं गेले, गाडी तिथेच उभी, चारही चाकं गरगर फिरताहेत. मग दोन पोरांना वजन म्हणून पुढे-मागे बसवलं. तेव्हा गाडी थोडी सरकली, दहा मिनिटं चालली, आणि रबर जळाल्याचा वास आला. बेल्ट गेला. आमच्या गावात अजून कोणी नको तिथे जोर लावत असला की म्हणतात, 'दाजींची गाडी आणा.'

यात दोष त्या गाडीचा नव्हता. ओढायची ताकद नुसती इंजिनातून येत नाही, चाकांवरच्या वजनातून येते. मोकळ्या मातीत यंत्र फार तर चालत्या चाकांवरच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास ओढ देतं. चांगली एटीव्ही सव्वातीनशे-साडेतीनशे किलोची. महिंद्राचा १५ एचपीचा युवराज २१५ हा पिटुकला ट्रॅक्टरसुद्धा पावणेआठशे किलोच्या आसपास आहे, शिवाय त्याच्या चाकांत पाणी भरता येतं, लोखंडी वजनं लावता येतात. टायरसुद्धा बघा. एटीव्हीचा टायर रुंद, मऊ, अगदी कमी हवेचा. जमिनीवरून न रुतता जावं म्हणून तो तसा केलेला. ट्रॅक्टरच्या टायरच्या गोट्या जमिनीत रुतून पकड घेण्यासाठीच असतात. आणि बहुतेक एटीव्हींचा गिअर म्हणजे तुमच्या ॲक्टिव्हातला असतो तसाच, बेल्टवर चालणारा. तासन्‌तास ताशी दोन किलोमीटरने पूर्ण जोरात ओढत राहणं हे त्याचं काम नाही. नांगरट आणि रोटाव्हेटर (पाती फिरवून माती भुसभुशीत करणारं अवजार) यांना मात्र नेमकं तेच लागतं.

दुसरी गोष्ट पीटीओची. ट्रॅक्टरच्या मागून मिनिटाला ५४० फेरे देणारा दांडा येतो, त्यावर रोटाव्हेटर, ब्लोअर, मळणीयंत्र काहीही चालतं. वर तीन जोडांची हायड्रॉलिक लिफ्ट. नेहमीच्या एटीव्हीला यातलं काही नाही. व्हिडिओत जे नांगर दिसतात ते बहुतेक नुसते ओढत न्यायचे, तेही मऊ, आधी फोडलेल्या जमिनीत. आपला मुरूम एप्रिलमध्ये कसा वाजतो ते तुम्ही पाहिलंच असेल.

मग परदेशात लोक ती का घेतात? कारण तिकडे दोन-तीनशे एकराच्या कुरणात मेंढ्या हाकायच्या, कुंपण तपासायचं, तणनाशकाची टाकी मागे लावून फिरायचं असतं. तिथे ती खरोखर उपयोगी. तुमच्या साडेतीन एकरात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जायला पाच मिनिटं लागतात. आणि उतारावर ती उलटते. चालक वर बसलेला असतो, गाडी त्याच्या अंगावर येते. ऑस्ट्रेलियात यात इतके जीव गेले की ११ ऑक्टोबर २०२१ पासून, गाडी उलटली तरी माणूस चिरडू नये म्हणून असलेली संरक्षक चौकट असल्याशिवाय तिथे शेतकामाची नवी एटीव्ही विकताच येत नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच एटीव्हींची तर आरटीओत नोंदणीच होत नाही, म्हणजे घरापासून शेतापर्यंतच्या डांबरी रस्त्यावर ती काढता येत नाही. पोलारिस या एटीव्ही बनवणाऱ्या कंपनीने २०२० मध्ये स्पोर्ट्समन ५७० चं ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येणारं मॉडेल आणलं होतं, पण त्याची किंमत आठ लाखांच्या घरात होती. त्या पैशात आमच्याकडे ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि ट्रॉली येऊन वर म्हैस आली असती.

आता ट्रॅक्टरचा हिशेब. तीन फुटी रोटाव्हेटर ताशी दोन किलोमीटरने चालला तर कागदावर तासाला अठरा गुंठे होतात. वळणं, बांध, कोपरे धरले की चौदा. छोट्या खाचरांत दहासुद्धा होत नाहीत. म्हणजे मिनी ट्रॅक्टरने तुमची दीड एकर भातजमीन एकदा चिखलायला चार ते सहा तास. भाड्याचा ४५ एचपीवाला जिथे जाऊ शकतो तिथे ते दोन-अडीच तासांत उरकतो. उन्हाळी नांगरट, चिखलणीच्या दोन पाळ्या, वर किरकोळ काही, असं सगळं मिळून तुम्हाला वर्षाला दहा-बारा तास ट्रॅक्टर लागेल. आमच्याकडे सध्या तासाला हजार-बाराशे घेतात. पंधरा हजारांत विषय मिटतो. तुमचे पाच लाख सात टक्क्यांनी ठेवलेत तर नुसतं व्याज पस्तीस हजार येतं, आणि त्यात विमा, बॅटरी, पावसाळ्यात उभा राहून गंजणारा रोटाव्हेटर हे काही नाही.

आम्ही २०१९ मध्ये घेतला, पण एकट्याने नाही. मी आणि चुलतभाऊ मिळून नऊ एकर, शिवाय तो गावातच राहतो आणि लोकांची कामं घेतो. मीटरवर आज जे तास दिसतात त्यातले दोन तृतीयांश दुसऱ्यांच्या शेतातले आहेत. ते नसते तर मीही तुम्हाला हा सल्ला द्यायला तोंड दाखवलं नसतं.

भाड्याच्या ट्रॅक्टरची खरी अडचण पैशाची नाही, जुलैची आहे. रोप एकवीस-पंचवीस दिवसांचं झालं, पाऊस लागला, की अख्ख्या शिवाराला त्याच चार दिवसांत चिखलणी हवी असते. ट्रॅक्टरवाला फोन उचलत नाही. उचलला तर 'उद्या सकाळी' म्हणतो, आणि कुठली उद्या ते सांगत नाही. बाया आवणीला सांगून ठेवलेल्या, खाचरात पाणी, आणि तुमची सुट्टी संपत आलेली. शिवाय मोठा ट्रॅक्टर वरच्या खाचरांत जातच नाही. पाणंद अरुंद, बांध कमरेएवढे, खाचर दोन-तीन गुंठ्यांचं. तो आत गेला तरी वळेपर्यंत बांध फोडतो.

यावर पॉवर टिलर, म्हणजे मागून चालत हँडल धरून चालवायचं दोन चाकी यंत्र, सुचवणारे पुष्कळ भेटतील. मळ्यातल्या सपाट खाचरांत लोखंडी चाकं लावून तो उत्तम चालतो, दोन-अडीच लाखांत येतो, बांधावरून फळी टाकून नेता येतो. मी सहा वर्षं चालवला. पण तो चारशे किलोच्या आसपासचा आहे, आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने दोन तास धरला की रात्री हाताला ताट धरवत नाही. आणि एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत: उतारावर खाली येताना त्याचे वळणाचे क्लच उलटे चालतात. सपाटीवर डावा दाबला की डावं चाक मोकळं होतं आणि यंत्र डावीकडे वळतं. उतरताना ते मोकळं झालेलं चाकच जास्त वेगाने गडगडतं आणि यंत्र उजवीकडे जातं. मी पहिल्याच वर्षी पाणंदीवरून उतरताना बांधापासून लांब जायला म्हणून क्लच दाबला आणि सरळ बांधावरून खालच्या खाचरात. मी हात सोडला म्हणून वाचलो, टिलरचं हँडल वाकलं. तुमच्या उतारावर तो उतरवायचा तर क्लचला हात न लावता, खालच्या गिअरमध्ये, हँडल ढकलून वळवायचा.

तर तुमच्या जागी मी काय केलं असतं? आधी उतारावर फाळ लावायचा विचारच सोडला असता. तिकडच्या पावसात झाडांच्या ओळींमधली माती मोकळी केली की ती सप्टेंबरपर्यंत ओढ्यात गेलेली असते, आंब्याची वरवरची मुळंही तुटतात. गवत वाढू द्यायचं, ब्रश कटरने (खांद्याला अडकवायच्या गवत कापायच्या यंत्राने) कापायचं, झाडाच्या बुंध्यापासून जरा लांब आच्छादन म्हणून पसरायचं. पाण्याची टाकी वरच्या टोकाला बसवून नळी खाली सोडली की पाणी वाहायला गाडी लागत नाही. शेणखताच्या पाट्या मात्र वर न्याव्या लागतात. एटीव्हीचा खरा उपयोग झाला असता तो एवढाच, आणि ते वर्षातले दोन दिवस आहेत. दोन गडी सांगा.

म्हणजे यंत्राचं काम उरलं दीड एकर खाचरांचं. खालची मोठी खाचरं भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घ्या. त्याला मे महिन्यातच गाठा, उन्हाळी नांगरटही त्यालाच द्या आणि तिचे पैसे तिथल्या तिथे द्या. जुलैत फोन कोणाचा आधी उचलायचा हे तो त्यावरूनच ठरवतो. वरच्या लहान खाचरांसाठी सात एचपीचा पॉवर विडर, म्हणजे टिलरचाच लहान, हलका भाऊ, बघा. काहींना चिखलणीची लोखंडी चाकं मिळतात, घेण्याआधी ती मिळतात का ते विचारा. विडर आणि ब्रश कटर मिळून लाख-सव्वा लाखात बसतील.

एक पावसाळा असा काढा. त्यानंतरही ट्रॅक्टर घ्यावासा वाटला तर शेजारच्या दोघा-तिघांची कामं आधी बोलून ठेवा आणि मगच घ्या. वीस-बावीस एचपी, आणि फोर-व्हील ड्राइव्हच. टू-व्हील ट्रॅक्टर चिखलात रुतला की तो काढायला दुसरा ट्रॅक्टर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या किमती धरून कोणी कोटेशन देत असेल तर उठून या. सातबारा तुमच्या नावावर असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी या अनुदानाच्या पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाखाली अर्ज टाका. पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधी खरेदी केलीत तर अनुदान विसरा. आमच्या गावात दोघांनी दुकानदाराच्या शब्दावर आधी बिल केलं, ते अजून चावडीवर तेच सांगत बसतात.

पुढच्या वेळी जाल तेव्हा टेप घेऊन जा: पाणंदीची सर्वांत अरुंद जागा, खाचरांमधल्या बांधांची उंची आणि सर्वांत लहान खाचराची लांबी-रुंदी. हे तीन आकडे इथे टाकलेत तर विडर कुठल्या रुंदीचा चालेल ते सांगतो.