गुंडाळी, पोथी की बाड?

प्रश्न असा आहे: इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ १९४५ साली मडक्यात सापडलेल्या कॉप्टिक (इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेतल्या) हस्तलिखितांना एका मराठी लेखात ‘गुंडाळ्या’ म्हटले आहे. हे बरोबर आहे का, की ‘पोथ्या’ म्हणावे?

‘गुंडाळ्या’ नक्कीच चूक. घोटाळा होतो तो मृत समुद्राकाठच्या कुमरानमुळे. तिथे यहुदी ग्रंथ सापडले आणि ते खरोखर गुंडाळ्या होत्या. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची मोठी गुंडाळी चामड्याचे १७ तुकडे टोकाला टोक शिवून केलेली, सात मीटरांहून लांब. लॅटिनमध्ये अशा ग्रंथाला ‘वोल्युमेन’ म्हणत, ‘गुंडाळणे’ याच अर्थाच्या धातूवरून. म्हणजे आपली ‘गुंडाळी’ तंतोतंत तीच. जुन्या दप्तरांतले ‘भेंडोळे’ही चालेल, मला तर ते जास्त आवडते. बेने इस्रायली मंडळींच्या प्रार्थनामंदिरात आजही तोरा हा यहुदी धर्मग्रंथ गुंडाळीवरूनच वाचतात.

नाग हम्मादीचे ग्रंथ मात्र पपायरसची (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाची) पाने दुमडून, मधोमध शिवून, चामड्याच्या वेष्टनात बांधलेले आहेत. याला ‘कोडेक्स’ म्हणतात. मूळ लॅटिन अर्थ लाकडाचा ओंडका, कारण आधी मेण लावलेल्या लाकडी पाट्या एकत्र बांधत. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या ग्रंथांसाठी हा प्रकार फार लवकर उचलला. मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयातला योहानाच्या शुभवर्तमानाचा तुकडा तळहातात मावेल एवढाच. पण एका बाजूचा मजकूर दुसऱ्या बाजूवर थोड्याच ओळींनंतर पुढे चालू होतो, म्हणून ते पुस्तकाचे पान, हे ओळखता आले.

मग ‘पोथी’? आपल्या पोथीची पाने सुटी असतात, फळ्यांमध्ये ठेवून रुमालात बांधलेली. पान मागेपुढे झाले तरी पोथी ती पोथीच. शिवलेल्या हस्तलिखित वहीला मराठीत स्वतंत्र शब्द आहे: बाड. मठांतल्या जुन्या संग्रहांत पोथ्या वेगळ्या आणि बाडे वेगळी. आज ‘बाड’ म्हटले की कागदांचा जाडजूड गठ्ठा डोळ्यांपुढे येतो हे खरे, तरी कोडेक्सला याहून जवळचा शब्द मला दिसत नाही. पहिल्यांदा ‘कोडेक्स, म्हणजे शिवलेले बाड’ असे लिहावे, पुढे नुसते ‘बाड’.

एवढा आग्रह का, तर नाग हम्मादीच्या बाडांचा काळ ठरवायला त्यांची बांधणीच कामी आली. वेष्टन ताठ राहावे म्हणून आत रद्दी पपायरस चिकटवून पुठ्ठा केला होता. सातव्या बाडाच्या पुठ्ठ्यातून तारखा घातलेले व्यवहाराचे कागद निघाले, त्यांतला शेवटचा इ.स. ३४८चा. म्हणजे ते बाड त्याआधी बांधलेले असूच शकत नाही. लेखात ‘गुंडाळी’ छापली, तर हा पुठ्ठा आला कुठून, हे वाचकाला कळायचे कसे?