देशी सस्तन प्राण्यांवर संशोधन करत विद्यापीठात करिअर करणं कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की जीवशास्त्राची पदवी पूर्ण होत आलीय, जंगलाची ओढ आहे आणि स्थानिक सस्तन प्राणी वाचवण्याच्या संशोधनातच पुढे राहायचंय. रोजचं काम काय असतं आणि तयारी कशाची करावी, हा तुमचा प्रश्न. मी याच विषयात संशोधन करतो आणि शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जंगलात जाणं होतं, पण वर्षातला थोडाच काळ. खरं काम म्हणजे सहसा न दिसणारा प्राणी किती उरलाय आणि वाढतोय की घटतोय, हे प्रामाणिकपणे सांगता येणं. बहुतेक सस्तन प्राणी रात्री फिरतात आणि माणसाला टाळतात, त्यामुळे त्यांची सरळ मोजदाद होत नाही. समजा, तुम्ही 20 उंदरांना खूण करून सोडलंत. काही दिवसांनी पुन्हा पिंजरे लावले, 20 सापडले, त्यात 5 खूणवाले निघाले. म्हणजे तिथे अंदाजे 80 उंदीर असावेत. हिशोब सोपा आहे, पण एकदा अडकलेला उंदीर घाबरून पिंजऱ्याकडे फिरकलाच नाही, तर खूणवाले कमी सापडतात आणि आकडा फुगतो. त्याला आमिषाची चटक लागली तर उलटं होतं. कॅमेरा ट्रॅपचंही (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) असंच. फोटो मिळाला नाही म्हणजे प्राणी नाही, असं म्हणता येत नाही. तो असूनही न दिसण्याची शक्यता किती, हे वेगळं काढावं लागतं. म्हणून माझा पहिला आग्रह संख्याशास्त्राचा. ते आणि ‘आर’ या संख्याशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकीय भाषेत प्रोग्रॅमिंग आत्ताच शिकायला घ्या. पायवाटा, ठसे, विष्ठा ओळखणं फील्डवर शिकता येतं, आणि ते शिकवायला त्या भागात राहणाऱ्या माणसांसारखे गुरू नाहीत.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आकडा बरोबर असून भागत नाही, तो वेळेत हवा. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर पिपिस्ट्रेल जातीचं एक छोटंसं वटवाघूळ होतं, जगात फक्त तिथेच. ते घटतंय हे 1990च्या दशकापासून माहीत होतं, नोंदी होत होत्या. पकडून प्रजनन करण्याला 2009च्या मध्यावर परवानगी मिळाली आणि ऑगस्ट 2009 मध्ये शेवटच्या वटवाघळाचा आवाज नोंदवला गेला. त्यानंतर ते कुणाला सापडलं नाही. 2017 मध्ये ते नामशेष जाहीर झालं. हे प्रकरण मी दर वर्षी विद्यार्थ्यांपुढे मांडतो. शोधनिबंधाला आणखी दोन हंगामांची माहिती हवी असेलही, पण घसरण दिसत असेल तर संशोधकाने तेव्हाच बोलायला हवं.

वेळ साधली तर काय होतं, हेही बघा. अमेरिकेतला काळ्या पायांचा फेरेट, मुंगसासारखा दिसणारा छोटा मांसाहारी प्राणी, संपला असंच मानलं जात होतं. 1981 मध्ये वायोमिंगमधल्या एका कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणला आणि जवळच एक वसाहत सापडली. तिच्यात रोग पसरल्यावर 1987पर्यंत उरलेले 18 प्राणी पकडून त्यांचं प्रजनन सुरू केलं. आज मोकळ्या माळावर फेरेट आहेत ते त्यामुळेच. त्यांची आनुवंशिक विविधता फार तोकडी आहे, म्हणून त्या कामात अजूनही संशोधक लागतात.

विषय निवडताना मोठ्या, देखण्या प्राण्यांमागेच जाऊ नका. सस्तन प्राण्यांच्या निम्म्याहून अधिक जाती म्हणजे कुरतडणारे प्राणी आणि वटवाघळं. पैसा आणि लक्ष मात्र मोठ्या प्राण्यांकडे जातं. छोट्या प्राण्यांत तुमचं पीएचडीचं कामसुद्धा त्या जातीबद्दलची पहिली नीट माहिती ठरू शकतं. आणि प्राण्यासोबत प्रश्नही निवडा. ऑस्ट्रेलियात केन टोड नावाचे विषारी भेक खाऊन क्वोल, म्हणजे तिथले मांजराएवढे मांसाहारी प्राणी, मरत होते. तिथल्या संशोधकांनी क्वोलना मळमळ आणणारं औषध घातलेलं टोडचं मांस खायला दिलं, म्हणजे पुढे ते टोडला तोंड लावणार नाहीत. प्राण्याचं वर्तन समजून घेऊन सुचलेला असा उपाय मला फार मोलाचा वाटतो.

नोकरीचं सांगायचं तर पीएचडीनंतरची बरीच वर्षं दोन-तीन वर्षांच्या करारांवर जातात, गावं बदलतात, कायमच्या जागा थोड्या. घरच्यांशी हे आधीच बोला. पुढे प्राध्यापक झालात तरी निधीचे अर्ज, परवानग्या आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध यांतच दिवसाचा मोठा भाग जाईल. मला शिकवणं मनापासून आवडतं, कारण हे काम एका माणसाच्या आयुष्यात मावत नाही. अमेरिकेतल्या आयल रॉयल बेटावरचा लांडगे आणि मूस (मोठ्या जातीचं हरीण) यांचा अभ्यास 1958 पासून चालू आहे, एका पिढीने दुसरीकडे सोपवत.

म्हणून मार्गदर्शक निवडताना त्यांच्या प्रसिद्धीपेक्षा दोन गोष्टी विचारा. त्यांच्याकडची जुनी माहिती नीट जपलेली आहे का आणि ती विद्यार्थ्यांना वापरू देतात का. शिवाय त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी एकदा स्वतंत्रपणे बोला. फील्डवर सुरक्षिततेची काळजी घेतात का, वटवाघळांचं काम असेल तर आधी रेबीजची लस देतात का, हे तेच खरं सांगतील.