गावठी बियाण्यांची डीएनए चाचणी : वाचकांचे प्रश्न

भात काढल्यावर आम्ही गावठी मसूर पेरतो. माझा आणि शेजाऱ्याचा दाणा सारखाच दिसतो. म्हणजे वाण एकच ना?
— एक शेतकरी, येळ्ळूर

दाण्यावरून ठरवू नका. रंग आणि आकार मोजक्याच जनुकांवर ठरतात, शिवाय ओल आणि जमिनीप्रमाणे दाणा बारीक-मोठा होतो. डीएनए मार्कर म्हणजे डीएनएमधली अशी ठरावीक जागा, जिथे दोन वाणांत फरक सापडतो आणि तो हवामानाने बदलत नाही. कोवळ्या पानातून डीएनए काढतात, पीसीआरने त्या जागेच्या असंख्य प्रती करतात आणि मग त्या ताडून पाहतात.

मात्र एकाच झाडाचे पान देऊन भागत नाही. मसूर स्वपरागी आहे, म्हणजे स्वतःच्याच परागाने त्याला दाणे धरतात, त्यामुळे एकेक झाड जवळजवळ शुद्ध असते. पण गावठी वाणाच्या वावरात अशी कितीतरी वेगवेगळ्या वंशांची झाडे मिसळलेली असतात. शेताच्या चारही कोपऱ्यांतून दहा-पंधरा झाडांची पाने घ्या आणि प्रत्येकाची पुडी वेगळी ठेवा. तुमच्या मसुराची खरी श्रीमंती या मिसळीतच आहे. ‘शुद्ध’ करण्याच्या नादात ती निवडून टाकू नका, असे मी कळकळीने सांगतो.

एम.एस्सी.साठी सोयाबीनचे वाण आरएपीडी या मार्कर-पद्धतीने तपासले. सगळ्यांच्या डीएनएच्या पट्ट्या जवळपास सारख्याच आल्या. प्रयोग फसला का?
— विद्यार्थिनी, निपाणी

फसला नाही, पण मार्कर बदला. आरएपीडीचा प्रायमर (पीसीआरला प्रत कुठून सुरू करायची ते दाखवणारा डीएनएचा तुकडा) जेमतेम दहा अक्षरांचा असतो आणि प्रयोगशाळा बदलली की पट्ट्याही बदलतात. एकाच जनुकाची दोन वेगळी रूपे बाळगणारे झाड त्यात ओळखूही येत नाही. एसएसआर वापरा, म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा जिथे पुन्हा पुन्हा येतो त्या जागांचे मार्कर. सोयाबीनचा जीनोम २०१० साली प्रसिद्ध झाला आहे, तेव्हा वीसही गुणसूत्रांवरून जागा निवडता येतील. ज्या मार्करचा पीआयसी (तो वाणांतला फरक किती दाखवतो याचा आकडा) ०.२५ च्या खाली, त्याच्याकडून फार माहिती मिळत नाही, ०.५ च्या वरचे धरा.

त्यानंतरही वाण जवळजवळच राहिले, तर तोच तुमचा निष्कर्ष. आपल्याकडे वर्षानुवर्षे जेएस ३३५ या एकाच वाणाचे राज्य होते, आणि एकाच घराण्यातले वाण रोगालाही एकत्रच बळी पडतात. कृष्णाकाठी तांबेऱ्याने हे दाखवून दिले आहे; तांबेरा हमखास येतो म्हणून वाणांची परीक्षा उगार खुर्दला घेतात. धारवाड कृषी विद्यापीठाचा डीएसबी २१ तिथे तग धरतो, कारण जेएस ३३५ चा संकर ईसी २४१७७८ या तांबेराप्रतिकारक वाणाशी केला गेला. वंशवृक्षात लांब पडलेला वाण का शोधायचा, ते प्रबंधात या उदाहरणावरून लिहा. लांबचा वाण चांगलाच असतो, असे मात्र लिहू नका. ते मार्कर सांगत नाही, शेतच सांगते.

आमच्या गटाकडे जुना कुळीथ आणि पावटा आहे. चाचणीसाठी बी मागतात. दिले तर आमचा हक्क जाईल का?
— बचत गट, खानापूर तालुका

ताई, नुसता नमुना दिल्याने हक्क जात नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने बी राखणे, पेरणे, अदलाबदल करणे आणि ब्रँडशिवाय विकणे, हे सारे शेतकऱ्याचे हक्क मानले आहेत. गावठी वाण ‘शेतकरी वाण’ म्हणून नोंदवताही येतो; त्यासाठी मुख्यतः शेतातली लक्षणे तपासतात, मार्करचा आधार जोडीला असतो. तरी सगळे बी देऊ नका. देताना गावाचे नाव, वाणाचे स्थानिक नाव, कोणाच्या घरचे आणि किती दिले, हे लिहिलेली पोच घ्या. कुठून आला हेच माहीत नसलेल्या नमुन्याचा डीएनए कितीही नीट वाचला तरी तो निम्माच उपयोगी.

मार्कर वापरलेले बी म्हणजे जीएम (जनुक बदललेले) बी का?
— वाचक, बैलहोंगल

नाही. मार्करने फक्त वाचायचे असते, झाडात काही घालायचे नसते. हरभऱ्याचा अण्णिगेरी-१ हा वाण मर रोगाला बळी पडे. डब्ल्यूआर ३१५ या प्रतिकारक वाणाशी नेहमीसारखा संकर केला, पुढच्या पिढ्या पुन्हा पुन्हा अण्णिगेरीशीच जोडल्या आणि कोणत्या रोपात प्रतिकार उतरला ते मार्करने रोपावस्थेतच ओळखले. सुपर अण्णिगेरी-१ असा तयार झाला. त्याचे बी पुढच्या हंगामाला घरचे राखून पेरता येते.